कनकी, मोह आणि विमानतळावरचा पेला

गोंदिया शहरातून बिरसीच्या विमानतळाकडे निघाले की सोबत असतात त्या धानाच्या बांध्या. पावसाळ्यात चिखलणी, दिवाळीच्या सुमारास पिवळी लोंबी आणि मग राइस मिलच्या फाटकासमोर पोत्यांनी भरलेले ट्रक. इथली धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. युद्ध संपले आणि प्रवासी विमानाची वाट पाहण्यात कितीतरी वर्षे गेली. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी सेवा सुरू झाली. ती टिकली नाही, पण १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबादमार्गे तिरुपतीला जाणारे विमान मिळाले. धान विकून आलेला शेतकरी, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई, पुण्या-बंगळुरूत नोकरी करणारी मुले, असे कितीतरी गोंदियाकर त्यामुळे मोठ्या विमानतळांवर पुढच्या विमानाची वाट पाहत बसू लागले.

तिथे तीन तास काढायचे असतात. समोर काचेआड चकाकणारे नळ, फेसाळलेले पेले आणि बशीत तळलेले काहीतरी. काही विमानतळांवर तर बिअर तिथल्या तिथे तयार होते आणि तिची तांब्याची भांडी गिऱ्हाइकाला बसल्या जागेवरून दिसतात. त्या पेल्यात नेमके काय असते, उडण्याआधी तो घेतला तर शरीरात काय घडते आणि आपल्या गोंदियाच्या मातीचा त्याच्याशी काही संबंध आहे का, हे समजून घेण्यासारखे आहे. संबंध आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्याहून जवळचा आहे.

वाट पाहण्याचा ताप

प्रवासी आणि पेला यांची सोबत जुनी आहे. त्याचा एक पुरावा महाराष्ट्रातल्याच एका गावाच्या नावात दडला आहे. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिशांची मोठी लष्करी छावणी होती. हिंदुस्थानातली सेवा संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. सैन्य नेणाऱ्या जहाजांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. हंगाम चुकला की महिनोन्‌महिने मुक्काम. काम नाही, ऊन प्रचंड, हिवतापाची भीती आणि हाताशी दारू. त्यातून माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागत. शिपायांच्या बोलीत या अवस्थेला ‘डूलाली टॅप’ असे नाव पडले. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुढे इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द डोके फिरलेल्या माणसासाठी रूढ झाला.

२००९ साली पुण्यात सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाऊफ यांच्या साथीने छोटा बिअर कारखाना सुरू केला, तेव्हा त्यांनी हेच नाव उचलले, ‘डूलाली’. ज्या हॉटेलात प्यायची त्याच हॉटेलात बिअर तयार करायची, या पद्धतीला मायक्रोब्रुअरी म्हणतात. महाराष्ट्रात ही पद्धत तिथून रुजली. ताजी बिअर लांब वाहून न्यावी लागत नाही, बाटलीत महिनोन्‌महिने टिकवावी लागत नाही, त्यामुळे चवीचे प्रयोग करता येतात.

हीच कल्पना विमानतळावर नेली ती जर्मनीतल्या म्युनिकने. तिथल्या विमानतळावर दोन टर्मिनलांच्या मधल्या मोकळ्या चौकाला लागून १९९९ पासून ‘एअरब्रॉय’ नावाची ब्रुअरी आहे. बिअर तिथेच शिजते, तिथेच आंबते आणि तिथेच वाढली जाते. तिच्या एका गव्हाच्या बिअरचे नाव ‘कुमुलुस’, म्हणजे आकाशातला कापसासारखा ढग. सोबत त्या प्रांताचे पांढरे सॉसेज आणि वळणावळणाचा ब्रेझेल पाव. विमानाची वाट पाहणारे तिथे बसतातच, पण विमानात पाऊलही न ठेवणारे गावकरीही जेवायला येतात. परदेशी प्रवाशाला विमानतळाबाहेर न पडता कळते की आपण बव्हेरियात आहोत.

जव, पाणी आणि आपली कनकी

त्याच बव्हेरियात १५१६ साली एक फर्मान निघाले होते: बिअरमध्ये जव, हॉप्सची फुले आणि पाणी यांखेरीज काही घालायचे नाही. यीस्टचा त्यात उल्लेख नाही, कारण आंबवणारा हा सूक्ष्मजीव तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हता.

बिअर बनवण्याची रीत आपल्या स्वयंपाकघराला परकी नाही. जव भिजवून त्याला मोड आणतात, जसे आपण मटकीला आणतो. मोड आले की दाण्याच्या आत विकरे तयार होतात. दाण्यातल्या पिठूळ स्टार्चची साखर करणे हे त्यांचे काम. एरवी ती साखर कोवळ्या कोंबाला मिळाली असती. नेमक्या वेळी मोड आलेले जव गरम हवेत वाळवून ती वाढ थांबवतात. हा झाला माल्ट. तो भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरवला की विकरे पुन्हा जागी होतात आणि स्टार्चची साखर होते. हे गोड पाणी गाळून घेतात आणि हॉप्स घालून उकळतात. हॉप्समुळे कडसर चव येते आणि नासवणारे जंतूही रोखले जातात. मग ते थंड करून यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. इडलीचे पीठ फुगते तेव्हाही असाच वायू धडपडत वर येत असतो. थंडाव्यात सावकाश आंबवली आणि काही आठवडे मुरू दिली तर ती ‘लागर’. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ साठवण.

आता गोंदियाकडे येऊ. मिलमध्ये धानाची भरडाई होते तेव्हा सरकारी हिशेबाने एका क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ निघावा लागतो. उरते ते तूस, कोंडा आणि इतर घट. तांदळातला जो दाणा यंत्रात तुटतो तो चाळणीतून वेगळा काढतात. ती कनकी. घरात तिची खिचडी किंवा पीठ होते, कोंबड्यांना टाकली जाते, बाजारात तिला अख्ख्या दाण्याचा भाव कधीच मिळत नाही. याच बारीक तुटक्या तांदळाला अमेरिकेतल्या तांदूळ बाजारात ‘ब्रुअर्स राइस’ म्हणतात, म्हणजे बिअर करणाऱ्यांचा तांदूळ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या जर्मन कारागिरांच्या हाती तिथले जे जव लागले त्यात प्रथिने फार होती आणि बिअर गढूळ व्हायची. त्यांनी त्यात तांदूळ मिसळला. तांदळात प्रथिने कमी, स्टार्च भरपूर. बिअर निखळ, फिक्या रंगाची आणि हलकी झाली. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लागर बिअरमध्येही जवाबरोबर तांदूळ असतो.

तांदळाची एक अडचण मात्र आहे. सडलेल्या, पॉलिश केलेल्या दाण्यात स्वतःची विकरे उरत नाहीत आणि त्याचा स्टार्च शिजल्याशिवाय मोकळा होत नाही. म्हणून कनकी आधी वेगळ्या भांड्यात पेजेसारखी शिजवतात आणि मग माल्टमध्ये मिसळतात. जवाची विकरे तांदळाच्याही स्टार्चची साखर करून देतात. झारखंडात आदिवासी घरांत तांदळाची ‘हंडिया’ होते, तिथे हेच काम वनस्पतींच्या मुळ्या आणि तांदळाचे पीठ मिसळून केलेल्या ‘रानू’च्या गोळ्या करतात. गोळीतल्या बुरशा स्टार्च फोडतात आणि यीस्ट आंबवते. एकाच कोड्याची ही दोन उत्तरे, एक जर्मनीकडून अमेरिकेमार्गे आलेले आणि एक सालवनांत सापडलेले.

झाडाखालची साखर

गोंदियाच्या जंगलात हे कोडे पडतच नाही, कारण इथे साखर थेट झाडावरून गळते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पहाटे टपटप पडतात. मांसल, फिकट पिवळी, गोड वासाची. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांत उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचलेल्या असतात, कारण उशीर केला तर फुले अस्वल आणि हरणे संपवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. त्यामुळे मोड आणणे नको की शिजवणे नको. पाण्यात भिजवली की यीस्ट थेट कामाला लागते.

बिअर आणि मोहाची यांत मोठा फरक पुढच्या पायरीचा आहे. बिअर नुसती आंबवलेली असते, मोहाची आंबवून वर गाळलेली असते. आंबलेले पाणी तापवले की अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास वाफ होऊन निघते, पाण्याला १०० अंश लागतात. ती वाफ थंड करून धार धरली की दारू. आपल्या बोलण्यात ‘पहिल्या धारेची’ म्हणजे सर्वांत कडक, सर्वांत अस्सल. शास्त्राच्या दृष्टीने मात्र पहिल्या थोड्या धारेत लवकर उडणारी घातक द्रव्येही येतात, म्हणून जाणकार कारखान्यात तेवढा भाग बाजूला काढून टाकतात. विषारी दारूने गावेच्या गावे हादरतात, त्यामागे बहुतेक वेळा कडकपणासाठी कोणीतरी मिसळलेले मिथेनॉल असते. त्याचे थोडे प्रमाणही डोळे नेते, जीव घेते. म्हणून दारू कुठून आली, कोणी आणि कशी गाळली, हे कळणे हा चैनीचा विषय मानून चालत नाही. तो जिवाचा प्रश्न आहे.

मोहाला दारूपुरते पाहणे हा या झाडावरचा मोठा अन्याय आहे. गोंड समाजात लग्नाच्या मांडवात मोहाची फांदी लागते, देवाला आणि पूर्वजांना चार थेंब जमिनीवर वाहिल्याशिवाय कोणी पेला तोंडाला लावत नाही. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला दूरदूरच्या राज्यांतून गोंड भाविक येतात. त्यांच्या श्रद्धेच्या जगात हे झाड घरच्या वडीलधाऱ्यासारखे आहे. फुले भाजून लाडू होतात, भाकरीत घालतात, टोळंबीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल काढतात. उपासमारीच्या वर्षांत मोहाने माणसे जगवली आहेत.

इंग्रजांना मात्र त्यात आधी महसूल दिसला. १८९२ साली मुंबई इलाख्यात खास मोहफुलांसाठी कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर आणि नेण्या-आणण्यावर बंधने घातली गेली. लोकांनी घरी गाळू नये आणि सरकारमान्य भट्टीचीच दारू विकत घ्यावी, हा हेतू. अंगणातल्या झाडाचे फूल घरात ठेवणे गुन्हा ठरला. ही सावली फार लांब पडली. महाराष्ट्र शासनाने फुलांचे संकलन, साठवणूक आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले ते २०२१ साली. परवान्याशिवाय दारू गाळणे आजही गुन्हाच आहे, पण फूल आता मोकळे झाले आहे. आपल्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला ‘वारसा दारू’ म्हणून मान्यता दिली आणि अलीराजपूर, दिंडोरी या जिल्ह्यांत आदिवासी बचतगटांकडे तिचे उत्पादन सोपवले. आपल्याच राज्यात डहाणूच्या जुन्या डिस्टिलरीनेही मोहाची दारू बाटलीबंद करून शहरांत नेली आहे.

पेला घेऊन आकाशात

पिणाऱ्याने कायदा आणि शरीर दोन्ही ओळखायला हवीत. महाराष्ट्रात बारला ‘परमिट रूम’ म्हणतात ते १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे. या राज्यात पिणे ही परवान्याने मिळणारी मुभा आहे. बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, कडक दारूसाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून संपूर्ण दारूबंदी आहे आणि ती बायांनी, गावांनी लढून मिळवली आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे या भागाने फार जवळून पाहिली आहेत, त्यामुळे इथे पेल्याबद्दल लिहिताना हात सैल सोडून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले की आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही.

हिशेब साधा आहे. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५ टक्क्यांची बिअर असेल तर त्यात सुमारे २६ ग्रॅम अल्कोहोल असते. ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ असेल तर सुमारे ४१ ग्रॅम. यकृत तासाला अंदाजे ७ ते १० ग्रॅम निकाली काढते. म्हणजे स्ट्राँगची एक बाटली उतरायला चार ते सहा तास. कॉफी किंवा लिंबूपाणी तो वेग वाढवू शकत नाही.

आणि विमानात बसल्यावर आपण जमिनीवर राहत नाही. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असते तेव्हा केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीपासून १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे प्रत्येक लांबचा प्रवासी राज्यातल्या सर्वांत उंच ठिकाणाच्याही वर बसलेला असतो. रक्तातला प्राणवायू थोडा कमी होतोच. जर्मनीच्या अवकाश संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना दारू दिली आणि विमानासारख्या दाबात झोपवले. त्यांच्या रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण साधारण ८५ टक्क्यांपर्यंत उतरले आणि झोपेतही हृदयाचे ठोके मिनिटाला ८८ च्या घरात गेले. धडधाकट तरुणांची ही अवस्था, तर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्याने उडण्याआधी पेला टाळावा हे उघड आहे.

भारतात देशांतर्गत विमानात दारू दिली जात नाही, म्हणून बरेच जण विमानतळावरच घाईने जास्त घेतात. तिथेच चूक होते. नशेत गोंधळ घालणाऱ्याला २०१७ च्या नियमांनुसार तीन महिन्यांपासून दोन वर्षांहून अधिक काळ विमानबंदी होऊ शकते. आणि ज्यांच्या हाती विमान असते त्यांच्यासाठी तर नियम आणखी कडक आहेत. बिरसीलाच राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. बांध्यांवरून दिवसभर घिरट्या घालणारी छोटी विमाने तिथल्या विद्यार्थ्यांची. या मुलामुलींना पहिल्यापासून शिकवले जाते की उड्डाणाआधी १२ तास दारूचा थेंबही नाही. श्वासचाचणीत पहिल्यांदा सापडले तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा कायमचा रद्द.

गावची बाटली पाहुण्यासाठी न्यायची असेल तर तीही दुकानातली सीलबंद हवी. २४ ते ७० टक्के अल्कोहोलची दारू माणशी ५ लिटरपर्यंत आणि फक्त चेक-इन सामानात चालते.

बशीत काय असावे

रिकाम्या पोटी घेतलेली दारू लहान आतड्यात झरझर उतरते आणि रक्तात झटकन चढते. पोटात अन्न असले की जठर ती हळूहळू पुढे सोडते. म्हणून पेल्याआधी ताट हवे. आकाशात तेच अन्न फिके लागते, त्याचेही कारण सापडले आहे. म्युनिकजवळ होल्झकिर्शेनला फ्राउनहोफर संस्थेने खऱ्या विमानाचा तुकडा कमी दाबाच्या नळकांड्यात बसवून माणसांना जेवू घातले. मिठाची चव २० ते ३० टक्के आणि साखरेची १५ ते २० टक्के कमी जाणवली. कोरडी हवा नाक सुकवते, आणि चवीचा मोठा भाग नाकच सांगते. इंजिनाची घरघर गोडी आणखी दाबते. म्हणून जेवायचे तर जमिनीवर, विमानात चढण्याआधी.

आणि जमिनीवर जेवायचे तर त्या जमिनीचे का नको? मालगुजारी तलावांतले शिंगाडे उकडून मीठ-मिरची लावलेले. ढिवर बांधवांनी धरलेल्या तलावातल्या मासळीचे तळलेले तुकडे. तांदळाच्या पिठाचे आयते. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवडून निवडून वाढवलेल्या एचएमटी तांदळाचा भात आणि लाखोळीची डाळ. सीमेपलीकडच्या बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या बाजूच्या बांध्यांतही तीच माती आणि तेच पाणी आहे. न पिणाऱ्यांसाठी, वैमानिकांसाठी आणि लहानांसाठी मोहाचे सरबत आणि मोहाचा लाडू. पिणाऱ्यांसाठी गोंदियाच्या कनकीची हलकी लागर, लहान पेल्यात, पेल्यावर अल्कोहोलचे प्रमाण ठळक लिहिलेले. आणि या सगळ्यामागे फुले वेचणाऱ्या बायांच्या बचतगटाचे नाव.

यांपैकी प्रत्येक गोष्ट या जिल्ह्यात आजही आहे. कनकी मिलच्या चाळणीखाली पडते आहे, शिंगाडा तलावात पिकतो आहे, मोह पहाटे गळतो आहे. त्यांना एका टेबलावर आणणारे परवाने, स्वच्छ कारखाना आणि गावाच्या चवीवर विश्वास ठेवणारा उद्योजक एवढेच कमी आहे. बिरसीहून विमान सुटते तेव्हा खिडकीतून आधी बांध्यांचे चौकोन दिसतात, मग तलावांचे लखलखणारे पाणी आणि पुढे पूर्वेला जंगलाचा काळपट हिरवा पट्टा. खाली दिसणारी ही तिन्ही रूपे चढण्याआधी ज्याने ताटात चाखलेली असतील, त्याला ही जमीन कोणाची, हे कोणी सांगायची गरज उरणार नाही.